शाळेत मुलाला लागलं तर : नव्या शिक्षकांसाठी

पहिल्यांदा वर्ग हातात घेणाऱ्या शिक्षकाला पाठ कसा घ्यायचा, वह्या कशा तपासायच्या, हजेरी कशी भरायची हे सगळं शिकवलं जातं. मधल्या सुट्टीत एखादं मूल जिन्यावरून पडलं आणि उठेना, तर पहिल्या मिनिटात काय करायचं, हे मात्र बहुतेकांना कोणी सांगितलेलं नसतं. मग आपण लहानपणी जे ऐकलं तेच तोंडातून निघतं : "काही नाही झालं, ऊठ." "एवढ्याशाला रडतात का?" "तास संपला की बघू."

शाळेत लागलेल्या मुलाची हेळसांड होते ती मुख्यतः प्रथमोपचार येत नाहीत म्हणून होत नाही, असं माझं ठाम मत आहे. ती होते मुलाच्या सांगण्यावर विश्वास न ठेवल्यामुळे, उशीर केल्यामुळे आणि झालेली गोष्ट घरी नीट न कळवल्यामुळे. या तिन्ही गोष्टी टाळायला वैद्यकीय शिक्षण लागत नाही. शिक्षकाने डॉक्टर व्हायचं नाही आणि मूल खरं बोलतंय की खोटं याचा न्यायाधीशही व्हायचं नाही. बघायचं, थांबायचं, योग्य माणसाला वेळेत सांगायचं आणि लिहून ठेवायचं. प्रथमोपचाराचं प्रत्यक्ष प्रशिक्षण मात्र जरूर घ्या. छातीवर दाब देणं आणि घशात अडकलेलं काढणं हाताला सवय झाल्याशिवाय येत नाही, वाचून तर नाहीच.

वर्ग सुरू होण्याआधी

शाळेत रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यातच काही गोष्टी स्वतः जाऊन बघून घ्या. प्रथमोपचार पेटी कुठे आहे? तिला कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे असते, आणि तो माणूस रजेवर असला तर? पेटी उघडून पाहा. निर्जंतुक गॉझ, वेगवेगळ्या रुंदीचे बँडेज, चिकटपट्टी, हाताची झोळी बांधायला त्रिकोणी कापड, कात्री, हातमोजे आणि डोळा धुवायला स्वच्छ द्राव एवढं तरी हवं. मुदत संपलेल्या वस्तू असतील तर मुख्याध्यापकांना लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं.

शाळेत प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कोणी घेतलं आहे, रुग्णवाहिकेचा क्रमांक कोणता, आणि रुग्णवाहिका आली तर कोणत्या फाटकातून आत येऊ शकते, हे विचारून ठेवा. शाळेचा पत्ता फोनवर न अडखळता सांगता यायला हवा. घाबरलेल्या माणसाला रोजच्या शाळेचा पत्ताही आठवत नाही, म्हणून तो क्रमांकासोबत एका कार्डावर लिहून खिशात ठेवा.

मग वर्गाची यादी घ्या. दमा, फिट्स, मधुमेह, हृदयाचा त्रास, रक्त लवकर न गोठण्याचा आजार, एखाद्या गोष्टीची तीव्र ॲलर्जी यांपैकी काही असलेली मुलं कोणती, त्यांची औषधं कुठे ठेवली आहेत, हे पालकांना विचारून टिपून घ्या. ही यादी भिंतीवर लावायची नाही, ती मुलाची खासगी गोष्ट आहे. पण तुम्ही रजेवर असताना वर्ग सांभाळणाऱ्याला ती मिळाली पाहिजे.

आणखी एक गोष्ट शेजारच्या वर्गातल्या शिक्षकांशी आधीच बोलून ठेवा. तुमच्या वर्गात कोणाला लागलं तर उरलेल्या मुलांकडे कोण बघणार? अनेक शिक्षक लागलेल्या मुलाला एकटंच कार्यालयात पाठवतात, ते निष्काळजी असतात म्हणून नाही, वर्ग सोडता येत नाही म्हणून. "तुझा वर्ग मी बघेन, माझा तू बघ" एवढा शब्द आधी दिला-घेतला असला की हा पेच सुटतो. डोक्याला लागलेल्या किंवा चक्कर येत असलेल्या मुलाला एकटं जिना उतरायला लावणं हा दुसऱ्या अपघाताला दिलेला वाव आहे. त्याच्यासोबत दुसरं मूल पाठवून भागत नाही, मोठं माणूस हवं.

पहिलं मिनिट

आवाज आला, मूल पडलं. धावत सुटण्याआधी एक नजर आसपास टाका : तुटलेली काच, विजेची तार, अजून चेंडू मारत असलेली मुलं. मग मुलाजवळ जा, गुडघ्यावर बसा, म्हणजे तुमचा चेहरा त्याच्या चेहऱ्याच्या पातळीवर येईल.

त्याला ओढून उभं करू नका. हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात नेहमीचा चुकीचा प्रकार आहे. मूल पडलं की दोन्ही बगलांत हात घालून त्याला उभं करायचं, कपडे झटकायचे आणि "बघ, काही झालं नाही" म्हणायचं, हे प्रेमापोटीच होतं, पण मानेला किंवा पाठीला मार असेल तर त्यातून कायमची इजा होऊ शकते. उंचावरून पडणं, डोक्यावर आपटणं, मान दुखणं, हातापायांना मुंग्या येणं किंवा ते हलवता न येणं यांपैकी काहीही असेल तर मुलाला आहे तसंच ठेवा, डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तसेच थांबा. यांपैकी काहीच नसेल आणि मूल स्वतःहून उठत असेल तर उठू द्या, तुम्ही उचलू नका.

मग क्रमाने बघा. हाक मारल्यावर प्रतिसाद देतंय का? श्वास नीट चालू आहे का? कुठून जोराने रक्त वाहतंय का? प्रतिसाद नाही आणि श्वासही नीट नाही, तर हे क्षण सर्वांत मोलाचे. रुग्णवाहिका बोलवायला लावा आणि छातीवर दाब देणं सुरू करा : छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे शाळकरी मुलात सुमारे ५ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, दर ३० दाबांनंतर २ श्वास. श्वास देणं जमत नसेल तर निदान दाब थांबवू नका. शाळेत हृदयाला झटका देणारं स्वयंचलित यंत्र असेल तर ते आणायला कोणाला तरी पिटाळा. यंत्र स्वतः बोलून सूचना देतं.

इथे माणसांच्या स्वभावाबद्दल एक गोष्ट माहीत असलेली बरी. जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. शेजारच्या खोलीतल्या माणसाला फिट आल्याचा आवाज सहभागींना ऐकवला गेला. आपण एकटेच हे ऐकतोय असं ज्यांना वाटत होतं, त्यांपैकी ८५ टक्के लोक फिट संपायच्या आत मदतीला उठले. आणखी चारजण ऐकत आहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांपैकी फक्त ३१ टक्के. शाळेच्या मैदानावर नेमकं हेच होतं. सहा शिक्षक उभे असतात आणि प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने फोन केला असेल. म्हणून "कोणीतरी फोन करा" असं कधीही ओरडू नका. नाव घ्या : "कुलकर्णी सर, तुम्ही रुग्णवाहिकेला फोन करा आणि केल्यावर मला येऊन सांगा. बाई, तुम्ही मुलांना वर्गात न्या." आणि तुम्ही त्या सहांपैकी एक असाल, नाव कोणी घेतलं नसेल, तर स्वतःच विचारा : "फोन कोणी केला?" उत्तर आलं नाही तर फोन तुम्ही करायचा.

रुग्णवाहिका बोलवायला वरिष्ठांच्या परवानगीची वाट बघू नका. आधी फोन, मग मुख्याध्यापक.

मूल सांगतंय ते खरं धरा

हा भाग मी सगळ्यात महत्त्वाचा मानते.

मोठी माणसं लहानांच्या वेदनेला कमी लेखतात, आणि यातून शिकलेली माणसंही सुटलेली नाहीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत अनेक डॉक्टर असं मानत की नवजात बाळांना फारसं दुखत नाही, आणि त्यांच्यावर अगदी हलक्या भुलीखाली शस्त्रक्रिया होत. १९८७ मध्ये डॉ. के. जे. एस. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं की पुरेशी भूल दिलेल्या अकाली जन्मलेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण कमी राहतो आणि गुंतागुंतही कमी होते. बोलू न शकणाऱ्या बाळाचं ऐकायला वैद्यकशास्त्राला इतका उशीर लागला. तुमच्या वर्गातलं मूल तर तोंडाने सांगतंय की दुखतंय.

"नाटक करतोय", "गणिताचा तास चुकवायचाय", "हा नेहमीचाच रडतराऊत" ही वाक्यं मनात आली तरी तिथेच ठेवा. कधी कधी मूल खरंच सोंग करत असेल. त्याला दहा मिनिटं बसवून विचारपूस केली तर तुमची दहा मिनिटं जातील, आणि तास टाळावासा का वाटतो हेही कदाचित कळेल. उलट बाजूने चूक झाली तर मोडलेलं हाड घेऊन एक मूल दिवसभर बाकावर बसेल. या दोन चुकांचं वजन सारखं नाही, म्हणून संशयाचा फायदा नेहमी मुलाला द्यायचा.

रडण्यावरून दुखणं मोजू नका. गुडघा खरचटलेलं मूल आकांत करतं, आणि ज्याच्या पोटात आत रक्तस्राव होतोय ते मूल पांढरंफटक होऊन गप्प बसतं. मला स्वतःला रडणाऱ्या मुलापेक्षा अचानक शांत झालेल्या मुलाची जास्त काळजी वाटते. काही मुलं दुखणं अंगावर काढतात : खेळातून बाहेर काढतील म्हणून, घरी ओरडा बसेल म्हणून, ढकलणाऱ्या मुलाची भीती वाटते म्हणून, किंवा मागच्या वेळी सांगितलं तेव्हा बाई चिडल्या होत्या म्हणून. जी मुलं बोलत नाहीत, किंवा ज्यांना आपलं दुखणं शब्दांत सांगता येत नाही, त्यांच्या बाबतीत नेहमीपेक्षा वेगळं काय दिसतंय ते बघा. हात पोटाशी धरलाय का, लंगडतंय का, आवडता खेळ सोडून बाजूला बसलंय का.

कसं विचारायचं? "फार दुखतंय का?" या प्रश्नाला मूल घाबरून "नाही" म्हणतं. "कुठं दुखतंय ते एका बोटाने दाखव" असं म्हणा. "काय झालं ते पहिल्यापासून सांग" म्हणा आणि मध्ये बोलू नका. लहान मुलांसाठी चेहऱ्यांची पट्टी वापरता येते. डोना वाँग आणि कॉनी बेकर यांनी १९८० च्या दशकात सहा चेहऱ्यांची अशी पट्टी तयार केली, हसऱ्या चेहऱ्यापासून रडणाऱ्या चेहऱ्यापर्यंत. साधारण तीन वर्षांपासूनची मुलं चेहऱ्यावर बोट ठेवून सांगू शकतात. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा विचारा. दुखणं वाढत चाललंय हे कळणं, एकदाच विचारलेल्या आकड्यापेक्षा उपयोगाचं.

किशोरवयीन मुलग्यांबद्दल एक गोष्ट प्रत्येक शिक्षकाला, विशेषतः खेळाच्या शिक्षकांना, माहीत असायलाच हवी. ओटीपोटात किंवा जांघेत अचानक तीव्र कळ आली, सोबत मळमळ असेल, तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. मार लागल्यावरही असं होतं आणि काही न लागताही होतं. साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण वाचण्याची शक्यता चांगली असते, नंतर ती झपाट्याने कमी होते. मुलगा लाजेने नुसतं "पोटात दुखतंय" म्हणतो. त्याला बाजूला घेऊन, सरळ शब्दांत विचारा, हसू नका, आणि लगेच रुग्णालयात पाठवा.

कुठे, कसं लागलंय त्यानुसार

डोकं. याला सगळ्यात जास्त जागा देते आहे, कारण इथेच "टेंगूळ आलंय फक्त" असं म्हणून विषय संपवला जातो. मेंदूला धक्का बसलेली बहुतेक मुलं बेशुद्ध पडत नाहीत. म्हणजे "शुद्धीवर होता" हा निर्धास्त होण्याचा आधार नाही. शिवाय काही मुलं मार लागल्यावर नीट बोलतात, चालतात आणि काही तासांनी ढासळतात. कवटी आणि मेंदूच्या आवरणाच्या मध्ये रक्त साचत गेलं की असं घडतं. म्हणून डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा खेळायला सोडायचं नाही, त्याने कितीही विनवण्या केल्या तरी. त्याला एकटं सोडायचं नाही. पुढच्यापैकी काहीही दिसलं तर रुग्णवाहिका : क्षणभर जरी शुद्ध हरपली तरी, वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, असंबद्ध बोलणं, तोच तोच प्रश्न विचारणं, अवेळी पेंगणं किंवा जागं करायला त्रास होणं, फिट, दोन बाहुल्यांचा आकार वेगळा, नाक किंवा कानातून पाण्यासारखा द्राव, चालताना तोल जाणं. यांपैकी काहीच नसलं तरी पालकांना त्याच दिवशी, मूल घरी पोचायच्या आत कळवायचं. पुढचे निदान २४ तास त्यांनी लक्ष ठेवायचं असतं आणि न सांगता ते कसं ठेवणार?

हाडं. "बोटं हलतायत ना, मग मोडलं नाही" ही समजूत चुकीची आहे. मुलांची हाडं कोवळ्या फांदीसारखी एका बाजूने चिरतात, दुसऱ्या बाजूने नुसती वाकतात, आणि हात हलवता येतो. शिवाय वाढत्या हाडांच्या टोकांशी वाढीची चकती असते, ती आसपासच्या अस्थिबंधांपेक्षा नाजूक असते. मोठ्या माणसाचा जिथे घोटा मुरगळतो, तिथे मुलाची ही चकती दुखावू शकते, आणि दुर्लक्ष झालं तर हाडाची वाढ बिघडू शकते. म्हणून सूज, हाडावर बोट लावल्यावर दुखणं, किंवा पायावर वजन टाकता न येणं असेल तर क्ष-किरण तपासणी होईपर्यंत मोडलंय असंच धरा. ओढू नका, चोळू नका, सरळ करायला जाऊ नका. आहे त्या स्थितीत आधार द्या. कोपरावर पडलेल्या मुलाची बोटं थंड, फिकट किंवा बधिर झाली असतील तर एक मिनिटही घालवू नका, रक्तवाहिनी दबलेली असू शकते. आणि खायला-प्यायला काही देऊ नका. भूल द्यावी लागली तर भरलेलं पोट अडचणीचं ठरतं.

रक्त. हातमोजे घाला, स्वच्छ गॉझ ठेवून थेट जखमेवर घट्ट दाबा, आणि दर मिनिटाला उचलून बघू नका. भिजलं तर त्यावर आणखी गॉझ ठेवा. काच, खिळा, पेन्सिल आत घुसली असेल तर काढू नका, तिच्या दोन्ही बाजूंनी दाब द्या. घोळणा फुटला तर मुलाला पुढे झुकवून बसवा, नाकाचा मऊ भाग दहा ते पंधरा मिनिटं सलग चिमटीत धरा. डोकं मागे टाकायला लावलं तर रक्त घशात उतरतं आणि उलटी होते.

दात. पक्का दात मुळासकट निघाला तर तो वाचू शकतो, आणि हे बहुतेक शिक्षकांना माहीत नसतं. दात शोधा, वरच्या पांढऱ्या भागाला धरा, मुळाला हात लावू नका, घासू नका. मळलेला असेल तर काही सेकंद दुधात किंवा पाण्यात हलकेच विसळा. मूल शांत असेल तर दात जागेवर बसवून स्वच्छ रुमाल चावायला द्या. जमत नसेल तर दुधात ठेवा आणि दंतवैद्याकडे धाडा, शक्यतो अर्ध्या तासात, उशिरात उशिरा तासाभरात. दुधाचा दात परत बसवायचा नाही.

भाजलं असेल तर वाहत्या थंड पाण्याखाली पूर्ण २० मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, तेल नाही. डोळ्यात प्रयोगशाळेतलं रसायन गेलं तर पापण्या उघड्या धरून ताबडतोब धुवायला सुरुवात करा, निदान पंधरा-वीस मिनिटं, आणि बाटली सोबत रुग्णालयात द्या. पोटावर सायकलच्या दांड्याचा, बाकाच्या कोपऱ्याचा किंवा गुडघ्याचा मार बसला असेल तर बाहेर काही दिसत नसतानाही प्लीहा किंवा यकृत फाटलेलं असू शकतं. फिकटपणा, थंड घाम, वाढती पोटदुखी, खांद्यात कळ दिसली की थेट रुग्णवाहिका.

फिट आली तर धरून ठेवू नका, तोंडात काहीही घालू नका. भोवतालच्या वस्तू दूर करा, घड्याळ बघा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, लगेच दुसरी आली, किंवा ही आयुष्यातली पहिलीच असेल तर रुग्णवाहिका. घशात काही अडकलं आणि मुलाला खोकताही येत नसेल तर पुढे वाकवून पाठीवर, खांद्यांच्या पात्यांच्या मध्ये, पाच जोरदार थापा, मग पोटावर आत-वर असे पाच दाब, असं आलटून पालटून.

घरी कळवणं

पालकांना फोन त्याच दिवशी करायचा, आणि तो शक्यतो ज्याने घटना पाहिली किंवा मुलाला सांभाळलं त्या शिक्षकाने. शिपायाच्या हाती निरोप, वहीत एक ओळ, किंवा मुलाच्याच तोंडी "घरी सांग" यांवर सोपवू नका. मूल सांगेलच असं नाही.

काय बोलायचं? पहिल्या वाक्यात मुलाची आत्ताची स्थिती, म्हणजे पुढचं ऐकायला त्यांचं मन थाऱ्यावर राहील. "मी अमुक, तुमच्या मुलीची वर्गशिक्षिका. ती शुद्धीवर आहे, माझ्याजवळच बसली आहे. साडेअकराला ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून पडली, डोक्याला मागे लागलंय. उलटी झालेली नाही. तुम्ही तिला डॉक्टरांकडे न्यावं असं मला वाटतं. किती वेळात याल?" कारणांचा पाढा वाचू नका, मुलाला दोष देऊ नका. "फार मस्ती करतो हो तुमचा" हे वाक्य त्या फोनवर नको. फोन लागला नाही तर दुसऱ्या क्रमांकावर, तोही नाही तर संदेश, आणि पुन्हा फोन. पालक भेटेपर्यंत उपचार थांबवून ठेवायचे नाहीत.

पालक चिडतील. चिडू द्या. तुम्ही खरं आणि लवकर सांगितलं असेल तर तो राग बहुधा टिकत नाही. संध्याकाळी स्वतःच मुलाचं सुजलेलं कोपर बघितलं आणि शाळेने चकार शब्द काढला नव्हता असं कळलं, की मात्र विश्वास तुटतो आणि तो पुन्हा जोडायला वर्ष पुरत नाही.

लिहून ठेवणं

त्याच दिवशी, स्मरण ताजं असताना. तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं, काय दिसलं, काय केलं, कोणाला किती वाजता फोन केला. मुलाने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, अवतरणचिन्हात. "अजय म्हणाला, 'मला मागून ढकललं'" हे लिहा. "अजय आपल्या निष्काळजीपणामुळे पडला" हे तुमचं अनुमान झालं, ते नोंदीत नको. तुम्ही घटना पाहिली नसेल तर तसं स्पष्ट लिहा. नंतर कोणी मजकूर बदलायला सांगितलं तर मूळ नोंद तशीच ठेवून खाली नवी तारीख घालून भर घाला. खाडाखोड करू नका.

इजा कोणी केली असेल तर

इथे नव्या शिक्षकाची खरी कसोटी लागते. दुसऱ्या मुलाने मारलं असेल तर आधी लागलेल्या मुलाकडे, भांडण नंतर. दोघांना समोरासमोर उभं करून "सॉरी म्हण" हा उरकण्याचा मार्ग आहे. लागलेल्याला वेगळं विचारा, आधीही असं झालंय का ते विचारा. त्याच मुलाच्या नावाची नोंद वहीत पुन्हा पुन्हा दिसत असेल तर तो योगायोग समजू नका.

मार शिक्षकाने दिला असेल, किंवा खुणा घरच्या माराच्या वाटत असतील, तर प्रकरण तुमच्यापाशी थांबता कामा नये. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं कलम १९ मुलांना हिंसा, इजा आणि हेळसांडीपासून संरक्षण देण्याची जबाबदारी राज्यावर टाकतं, आणि कलम १२ मुलाला त्याच्याबाबतच्या गोष्टींत आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क देतं. तुम्ही तपास करायचा नाही. मुलाला पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावायचं नाही. "कोणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येणार नाही. "तू सांगितलंस ते बरं केलंस. तुला सुरक्षित ठेवायला ज्यांची मदत लागेल त्यांनाच मी सांगेन" असं म्हणा, आणि शाळेतल्या बालसंरक्षणाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला त्याच दिवशी कळवा. तिथे दाद लागली नाही तर शाळेबाहेरच्या बालसंरक्षण यंत्रणेकडे जा.

ज्येष्ठ सहकारी म्हणतील, "नवीन आहेस, एवढं मनावर घेऊ नकोस." त्यांच्याशी वाद घालायची गरज नाही. "सर, मला खात्री नाही, म्हणून डॉक्टरांना दाखवू या" हे वाक्य आदराचं आहे आणि ते फेटाळणं अवघड आहे. तरी फेटाळलं गेलं तर पालकांना फोन तुम्ही करा आणि सांगितल्याची नोंद ठेवा.

दुसऱ्या दिवशी

मूल शाळेत आलं तर स्वतः जाऊन विचारा, आलं नाही तर घरी फोन करा. डोक्याला मार लागला असेल तर डॉक्टरांनी खेळ आणि अभ्यासाबद्दल काय सांगितलंय ते पालकांकडून विचारून घ्या आणि खेळाच्या शिक्षकांपर्यंत पोचवा. सुरुवातीचे दिवस उजेड, गोंगाट आणि लांबलचक वाचन यांनी डोकं दुखू शकतं, तेव्हा गृहपाठ कमी द्या, परीक्षा पुढे ढकला. प्लास्टरमधल्या हाताने लिहिता येत नसेल तर शेजारच्या मुलाची वही उतरवून घ्यायची सोय करा, आणि जिन्यावर दप्तर उचलायला कोणीतरी असेल असं बघा.

वर्गातल्या बाकीच्या मुलांनीही ते पाहिलेलं असतं. त्यांना दोन मिनिटांत सरळ सांगा काय झालं आणि आता कसं आहे, म्हणजे अफवा थांबतात. ज्याच्या हातून चुकून लागलं ते मूलही घाबरलेलं असतं, त्याच्याशी वेगळं बोला.

आणि महिन्यातून एकदा नोंदवही उघडून जागा बघा. तीच पायरी, तीच घसरगुंडी, सुट्टीनंतरची तीच पाच मिनिटं पुन्हा पुन्हा येत असतील तर मुख्याध्यापकांना नोंदींच्या तारखांसकट अर्ज द्या : पायरीला खरबरीत पट्टी हवी, त्या कोपऱ्यावर सुट्टीत एक शिक्षक उभा हवा. अर्जाची प्रत स्वतःजवळ ठेवा आणि पुढच्या महिन्यात काम झालं का ते जाऊन पाहा.